टाळ्या कुणाला वाजवता रे?

दोन तारखा आधी वहीत लिहून घ्या. पहिली ११ जानेवारी १९८२. दुसरी १८ जानेवारी १९८२. मधे फक्त एक आठवडा.

पहिल्या तारखेला वडाळ्याला पोलिसांनी मन्या सुर्वेला गोळ्या घातल्या. दुसऱ्या तारखेपासून मुंबईच्या कापडगिरण्यांतले अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. पहिल्या तारखेवर २०१३ साली ‘शूटआउट अ‍ॅट वडाला’ नावाचा पिच्चर निघाला. जॉन अब्राहमची छाती, बायांचे नाच, गोळ्यांचा पाऊस, सगळा मालमसाला. दुसरी तारीख मात्र लाखो घरांच्या चुलीवर पाणी ओतून गेली. त्यातली एक चूल माझ्या आजीची होती.

आता आपल्याच वस्तीतल्या मिसरूड फुटलेल्या पोराला विचारून बघा, मन्या सुर्वे कोण होता? छाती काढून सांगेल. डायलॉगसकट, हाताचं पिस्तूल करून सांगेल. मग विचारा, डॉक्टर दत्ता सामंत कोण होता? म्हणेल, कुठला नगरसेवक? भागवत जाधव कोण होता? गप.

ही गप बसलेली जागा मला डाचते. म्हणून हे लिहितोय.

मी कुणी समीक्षक नव्हे. पालेगावात राहतो, अंबरनाथला एका कापडाच्या प्रोसेस मिलमध्ये रंगखात्यात जिगरवर उभा राहतो. शाळा दहावीला सुटली. पुढचं जे काय शिकलो ते रद्दीच्या दुकानातून आणि जयंतीच्या पुस्तकांच्या गाळ्यांवरून. सिनेमाचं शास्त्र मला येत न्हाई. पण कापडाला रंग कसा चढवतात ते येतं. मळकं, डागाळलेलं कापड आधी ब्लीच मारून पांढरंफटक करायचं, मग पाहिजे तो रंग द्यायचा. गुंडांच्या पिच्चरचा कारखाना डिट्टो असाच चालतो. खऱ्या माणसाची जात धुऊन काढायची, त्याचा धंदा धुऊन काढायचा, त्याच्या हातून मेलेली माणसं धुऊन काढायची आणि वर लाल रंग चढवायचा. तो लाल रंग बघून आपली पोरं शिट्ट्या मारतात.

एकेक ठाण उलगडून दाखवतो.

‘दीवार’ घ्या. साल १९७५. सलीम-जावेदनं लिहिला, यश चोप्रानं काढला, अमिताभ बच्चन त्यावर महानायक झाला. लोक पन्नास वर्षं म्हणत आलेत की हा विजय म्हंजे हाजी मस्तान. गोदीतला हमाल, छातीवर ७८६ चा बिल्ला, मग स्मगलिंग. खरा मस्तान तमिळनाडूतल्या रामनाथपुरमकडचा गरीब मुसलमान. लहानपणी बापाबरोबर मुंबईला आला, सायकली दुरुस्त केल्या, गोदीत हमाली केली, आणि तिथूनच सोन्याच्या तस्करीत गेला. आता पडद्यावर बघा. बिल्ला मुसलमानाचा ठेवला, हमाली ठेवली, मस्ती ठेवली. आडनाव काय दिलं? वर्मा! आणि बिल्ल्याचं मोल त्याला कुणी सांगितलं तर एका सज्जन मुसलमान सोबत्यानं. म्हंजे मुसलमानाची श्रद्धा आणि मुसलमानाची गोष्ट दोन्ही घेतलं, पण नायक व्हायची पाळी आली तेव्हा मुसलमानाला बाजूला बसवलं. गोदीत त्या काळी पाठीवर पोती वाहणारे कोण होते? आमच्यातले होते, मुसलमान होते, कोकणातले, घाटावरचे, दक्षिणेतले. त्यातल्या कुणाला नायक करायची हिंमत त्या पडद्याला झाली न्हाई.

अजून एक गोष्ट त्या पिच्चरात आहे, ती कुणी बोलत न्हाई. विजयचा बाप युनियनचा पुढारी असतो. मालक त्याच्या बायकापोरांना ओलीस धरतो आणि सही करून घेतो. मग कामगारच त्याला गद्दार ठरवतात, पोराच्या हातावर बापाला चोर म्हणणारं गोंदण काढतात. पिच्चर बघून बाहेर पडणाऱ्याच्या डोक्यात काय राहतं? मालक? अजिबात न्हाई. डोक्यात राहतात ते निर्दयी कामगार. मालक पहिल्या दोन रिळांत येतो आणि नंतर विसरला जातो. त्याच्यावर सूड उगवायला ना विजय जातो ना त्याचा इन्स्पेक्टर भाऊ. भाऊ भावाला मारतो, आई रडते, टाळ्या. मालक सुखात.

पुढं २०१० साली मस्तानवर दुसरा पिच्चर आला, ‘वन्स अपॉन अ टाइम इन मुंबई’. नाव बदललं, सुलतान मिर्झा. अजय देवगण पांढऱ्या कपड्यात. शेवटी काय होतं? सुलतान राजकारणात शिरायला निघतो आणि नेमका तेव्हाच त्याचा चेला त्याला भर सभेत गोळी घालतो. खरा मस्तान कसा मेला माहितीय? १९९४ साली, आजारानं, म्हातारा होऊन. आणि पिच्चरमध्ये त्याला जिथं मारला, खऱ्या आयुष्यात त्याच्यापुढं तो काय करत होता? आणीबाणीत तुरुंगात जाऊन आला, आणि १९८० च्या दशकात जोगेंद्र कवाडे सरांबरोबर त्यानं दलित-मुस्लिम सुरक्षा महासंघ काढला! दलित आणि मुसलमान एका झेंड्याखाली आणायचं म्हणाला.

बघा, गोळी कुठं घातली ते बघा. दलित हा शब्द त्याच्या तोंडात यायच्या आधी घातली.

आता लगेच कुणी मस्तानच्या फोटोला हार घालायला पळू नका. मस्तान तस्कर होता. त्याला आपल्या वस्तीचा पुळका अचानक कसा आला, त्याला आपली मतं पायजे होती की आपली मुक्ती, तो पक्ष पुढं का विझला, ह्यावर आपण भांडलं पायजे. आपल्या पुढाऱ्यांनी तस्कराच्या मंडपात बसावं की न बसावं, ह्यावर तर रात्र-रात्र भांडलं पायजे. पण भांडायला आधी माहीत तर पायजे! पिच्चरनं तो प्रश्नच आपल्या हातातून काढून घेतला. त्या जागी एक नटी, एक गाणं आणि एक गोळी ठेवली.

दुसरं ठाण. वरदराजन मुदलियार. हा पण तमिळनाडूतला, व्हीटी स्टेशनवर हमाली केलेला. मणिरत्नमनं १९८७ ला तमिळमध्ये ‘नायकन’ काढला, कमल हसनचा. पुढच्या साली फिरोज खाननं त्याचा हिंदीत ‘दयावान’ केला, विनोद खन्नाचा. नावच दयावान! झोपडपट्टीचा देव, गरिबाचा कैवारी. शेवटी गोळी खाऊन मरतो आणि लोक हंबरडा फोडतात. खरा वरदाभाई १९८० च्या दशकात पोलिसांनी मागं लागून धंदा मोडल्यावर मद्रासला निघून गेला आणि १९८८ च्या जानेवारीत हृदयविकारानं मेला.

गोळी असो की हृदय, मेला तो मेला. माझा झगडा त्याच्या मरणाशी न्हाई, त्याच्या दयेशी आहे. ह्या दयावानाचा मूळ धंदा काय होता? हातभट्टी. धारावी, सायन-कोळीवाडा, अँटॉप हिल. दारू गाळायला गरीब, ती ट्यूबमधून वाहून न्यायला गरीब, प्यायला गरीब, पिऊन मरायला गरीब. भाईनं गणपती बसवला तो माटुंग्याला, दिव्यांची रोषणाई करून, आणि ती रोषणाई धारावीतल्या चामडं कमावणाऱ्याच्या, मोरीत उतरणाऱ्याच्या पगारातून आली. एका हातानं पगार काढून घ्यायचा आणि दुसऱ्या हातानं बाळंतपणाला शंभर रुपये द्यायचे, हिला दया म्हणतात का? गावचा सावकार दुसरं काय करत होता? बाबासाहेब आमच्या आज्या-पणज्यांना दारू सोडा म्हणून कळवळून सांगत होते ते कशासाठी?

आणि हा जुना किस्सा म्हणून सोडू नका. २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूनं शंभरावर माणसं मेली. मजूर, रिक्षावाले, रोजंदारीवाले. त्यांच्या बायकांवर कुणी मणिरत्नम पिच्चर काढायला आला न्हाई. दारू विकणारा नायक होतो. पिऊन मेलेला आकडा होतो. आकड्याला गाणं नसतं.

तिसरं ठाण आमच्या घरातलं. गिरणगाव.

माझा आजा लोअर परळच्या एका गिरणीत रिंगखात्यात होता. साचाखात्यात का न्हाई? तर पूर्वीपासून साचाखात्यात महाराला घेत नसत. धोट्यातलं सूत तोंडानं ओढायला लागायचं. सवर्ण कामगाराच्या तोंडाचा धोटा अस्पृश्याच्या तोंडाला कसा लागू द्यायचा? आणि साचाखात्यात पगार जास्ती. म्हंजे सूत बाटतं म्हणून पगार कापला. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढं टाकला, की तुमच्या मागण्यांत ही मागणी आहे का सांगा. लाल बावट्यावाल्यांच्या घशात तो प्रश्न अडकला. कामगार-एकतेच्या तोंडाची जात त्या दिवशी कळाली. गिरणगावावर पिच्चर काढणाऱ्या एकाला तरी हा धोटा दिसला का? लाखो रुपयांचा जुना साचा सेटवर आणतील, त्यावर गुंडाला लटकावून मारतील, पण त्या धोट्याला तोंड कुणी लावायचं हे न्हाई विचारणार.

मी खोटं बोलणार न्हाई. संपावर पिच्चर निघाला. २०१० साली महेश मांजरेकरनं ‘लालबाग परळ’ काढला, जयंत पवारांच्या ‘अधांतर’ नाटकावरून. नाटक एका खोलीतलं. संपानं मोडलेलं घर, आई, पोरं, बेकारी, एकमेकांच्या अंगावर धावून जाणं. पडद्यावर ते आलं तेव्हा खोलीच्या भिंती पाडून पोरांच्या हातातली पिस्तुलं मधोमध आणून ठेवली. सिद्धार्थ जाधवचा अडखळत बोलणारा स्पीडब्रेकर सगळ्यांना आठवतो. त्या खोलीतली आई किती जणांना आठवते? माझ्या आजीनं संपात गळ्यातली पोत विकली, मग पितळेची भांडी विकली, मग लोकांची धुणीभांडी धरली. तिच्या गोष्टीत एकही गोळी सुटत न्हाई. म्हणून ती गोष्ट कुणाला विकत घ्यावीशी वाटत न्हाई.

आता गिरणगावातल्या भाईगिरीचा खरा हिशेब ऐका. हिशेब सरळ आहे. संप अधिकृतपणे कधी मागंच घेतला गेला न्हाई. हजारो माणसं कामावर परत घेतलीच न्हाईत. गिरण्यांच्या जमिनी सोन्याच्या झाल्या. जमीन रिकामी करायला, युनियन वाकवायला, कामगाराला घाबरवून सही घ्यायला माणसं लागतात. ती कुठून आणायची? त्याच चाळीतून. बापाला कामावरून काढायचं आणि पोराला बापाच्या सोबत्याच्या अंगावर सोडायचं. ७ मे १९९४ ला खटाव मिलचे सुनीत खटाव महालक्ष्मीजवळ भर रस्त्यात गोळ्या घालून मारले गेले. त्या खुनाचा धागा भायखळ्याच्या गिरणीच्या जमिनीपर्यंत जातो असं तेव्हापासून लिहिलं-बोललं गेलंय. १६ जानेवारी १९९७ ला पवईला डॉक्टर सामंतांना सुपारी देऊन मारलं. बघा, पुन्हा जानेवारी.

आणि त्याच मातीतल्या अरुण गवळीवर ‘दगडी चाळ’ आला २०१५ ला, ‘डॅडी’ आला २०१७ ला. डॅडी! हा माणूस २००४ ला चिंचपोकळीतून आमदार झाला आणि २०१२ ला नगरसेवक कमलाकर जामसांडेकरांच्या खुनात त्याला जन्मठेप झाली. पडद्यावर तो खिन्न, मनस्वी, अबोल, घरच्यांवर जीव असलेला. असेल घरच्यांवर जीव. जामसांडेकरांच्या घरच्यांना पण जीव होता. त्यांच्या घरात घुसून गोळी घातली होती. कॅमेरा त्या घरात किती वेळ थांबतो आणि डॅडीच्या डोळ्यांवर किती वेळ थांबतो, घड्याळ लावून मोजा. तेवढं मोजलंत तरी समीक्षा झाली.

आता ज्यांच्यावर कॅमेरा थांबतच न्हाई त्यांची नावं.

५ जून १९७०. आमदार कॉम्रेड कृष्णा देसाई. लालबागला भोसकून मारले. खुन्यांना शिक्षा झाली, शिवसैनिक होते. गिरणगावात राजकीय खुनाचं पर्व तिथून सुरू झालं. मन्या सुर्वेच्या बारा वर्षं आधी.

१० जानेवारी १९७४. भागवत जाधव. आपला पँथर. ५ जानेवारीला वरळीची सभा उधळली, दंगल पेटली, बीडीडी चाळीत पोलीस घुसले. त्याच्या निषेधाच्या मोर्चात परळला वरून दगड टाकून भागवतला मारला. गच्चीवरून दगड टाकणारा हा गुंड न्हाई का? त्याचा कुठं डायलॉग आहे? त्याच्यावर कुठं पिच्चर आहे? मी तरी पाहिलेला न्हाई. भागवतच्या हातात तर काहीच नव्हतं, घोषणा होती. हातात पिस्तूल नसलेला माणूस ह्या पडद्याच्या लेखी मेलाच न्हाई, कारण तो जगलाच न्हाई.

११ जुलै १९९७. घाटकोपरची माता रमाबाई आंबेडकर नगर. बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार, सकाळी जमलेली माणसं, आणि राज्य राखीव दलाच्या गोळ्या. १० मेले. पाणी भरायला उठलेले, कामावर निघालेले. ह्याला पण ‘शूटआउट’च म्हणतात ना इंग्रजीत? मग ‘शूटआउट अ‍ॅट रमाबाई नगर’ का न्हाई निघाला? लोखंडवाल्यावर निघाला. १६ नोव्हेंबर १९९१ ला तिथल्या एका इमारतीत पोलिसांनी माया डोळस आणि त्याच्या साथीदारांसकट सात जणांना मारलं, त्यावर २००७ ला पिच्चर आला. त्यात पोलीस अधिकारी कोण झाला? संजय दत्त. आणि ज्या साली तो पडद्यावर कायदा शिकवत होता, त्याच सालच्या जुलैत टाडा कोर्टानं त्याला बेकायदा हत्यार बाळगल्याबद्दल शिक्षा ठोठावली. असला विनोद आपल्याला लिहायला सुचला नसता.

रमाबाई नगरवर पिच्चर झाला, पण तो बाजारात झाला न्हाई. आनंद पटवर्धननं चौदा वर्षं लावून ‘जयभीम कॉम्रेड’ केला, २०११ साली. गोळीबारानंतर गळफास घेतलेल्या शाहीर विलास घोगरेपासून तो सुरू होतो. वस्त्यावस्त्यांत पडदे लावून लोकांनी तो पाहिला. ज्यानं पाहिला नसेल त्यानं आधी तो पाहावा आणि मग मला भाईचे डायलॉग ऐकवावेत.

कुणी म्हणेल, अरे करमणूक आहे, एवढं काय तापायचं? पैसे देऊन बघतो, दोन घटका विसरतो. बरं. तर मग तो पैसा कुठून येतो ते पण बघा. २००१ साली हिऱ्यांचा व्यापारी आणि सिनेमाचा सावकार भरत शहा ह्याला अंडरवर्ल्डशी संबंधांवरून अटक झाली. एका बड्या पिच्चरमधल्या पैशाचं प्रकरण होतं. कोर्टानं २००३ ला त्याला पोलिसांपासून माहिती लपवल्याबद्दल दोषी धरलं. म्हंजे भाई पिच्चरच्या आत होता आणि बाहेर पण होता. आणि तिकीट काढून त्याला आत-बाहेर करायला पैसे पुरवणारा कोण? बारा तास पाळी करून आलेला आपला पोरगा.

आता वडाळ्याला परत येतो, कारण खरं दुखणं तिथं आहे.

पिच्चरमधला मन्या सरळमार्गी कॉलेजकुमार. त्याला खुनात गोवतात, तुरुंगात पिचतो, म्हणून राक्षस होतो. गोळ्या खाल्ल्यावर पोलिसाच्या गाडीत पडल्या-पडल्या अख्खी जीवनकथा सांगतो. खरा मनोहर अर्जुन सुर्वे कोकणातला, कीर्ती कॉलेजात शिकला, खुनात जन्मठेप झाली, १९७९ ला कैदेतून पळाला, दरोडे घातले, आणि त्या दिवशी इस्पितळात पोचायच्या आधी मेला. कथा सांगायला कुणी वेळ दिला न्हाई. त्याची बाजू कुठल्या कोर्टात आली न्हाई. पोलिसांनी जे कागदावर लिहिलं तेवढंच उरलं.

वर्तमानपत्रं ह्याला मुंबईतलं पहिलं एन्काउंटर म्हणतात. असेल मुंबईतलं. त्याआधी दहा-बारा वर्षं आंध्रातल्या श्रीकाकुळमच्या जंगलात आदिवासींना आणि त्यांच्या बाजूनं उभं राहणाऱ्यांना ‘चकमकीत’ मारत होते. १९७७ ला तारकुंडे समितीनं आंध्रातल्या असल्या चकमकींची चौकशी केली होती. तर हे हत्यार आधी आपल्यासारख्यांवर पारखून घेतलं, मग शहरात आणलं.

आणि शहरात आणलं ते कुठं? आंबेडकर कॉलेजच्या नाक्यावर. बाबासाहेबांनी १९४५ ला काढलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं कॉलेज. जिथं आपली पोरं कायदा आणि संविधान वाचायची त्याच्या दारात, खटल्याशिवाय माणूस मारायची रीत ह्या शहरात सुरू झाली. मन्या साधू नव्हता. पण संविधानात साधूंसाठी वेगळं आणि चोरासाठी वेगळं कलम न्हाई. कलम २१ सगळ्यांच्या जिवाचं आहे. बाबासाहेबांनी ते लिहिताना बाजूला कंस टाकून ‘भाई सोडून’ असं लिहिलेलं न्हाई.

इथं तुम्ही म्हणाल, हे सगळं मुंबईचं झालं, आपल्या पालेगाव-अंबरनाथला त्याचं काय? काय ते सांगतो.

२ फेब्रुवारी २०२४. उल्हासनगरचं हिललाइन पोलीस स्टेशन. आपल्यापासून लांब न्हाई. जमिनीच्या भांडणावरून सिनियर इन्स्पेक्टरच्या केबिनमध्ये, कॅमेऱ्यासमोर, कल्याण पूर्वचे तेव्हाचे आमदार गणपत गायकवाड ह्यांनी महेश गायकवाडांवर गोळ्या झाडल्या. झाडल्या असं त्यांनी स्वतः वृत्तवाहिनीला सांगितलं, जिवाच्या रक्षणासाठी झाडल्या म्हणाले. त्यांना अटक झाली, वकील मिळाला, खटल्याची रीत पाळली गेली. तशीच पाळली पायजे, माझी तक्रार न्हाई. नोव्हेंबर २०२४ ला त्यांच्या पत्नीला तिकीट मिळालं आणि त्या निवडून आल्या.

त्याच साली ऑगस्टमध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाल्याचं उघडकीला आलं. तक्रार घ्यायला उशीर केला म्हणून लोक खवळले, २० ऑगस्टला रेल्वे अडवून धरली. राग खरा होता, शंभर टक्के खरा. आरोपी शाळेतला सफाई कर्मचारी. २३ सप्टेंबरला तळोजा तुरुंगातून नेताना मुंब्रा बायपासला पोलिसांच्या गाडीत त्याला गोळी लागली. मेला. पुन्हा पोलिसाची गाडी, पुन्हा हिसकावलेलं पिस्तूल, पुन्हा स्वसंरक्षण. आणि दुसऱ्या दिवशी बॅनर लागले, ‘बदला पुरा’. मंत्र्याच्या हातात बंदूक, पिच्चरच्या पोस्टरसारखी. पेढे वाटले. जानेवारी २०२५ ला न्यायदंडाधिकाऱ्यांचा चौकशी अहवाल हायकोर्टात आला, त्यात गाडीतल्या पाच पोलिसांना त्या मृत्यूला जबाबदार धरलं होतं.

त्या मुलींच्या आईबापांना काय मिळालं? खटला न्हाई, साक्ष न्हाई, निकाल न्हाई. शाळेत हे कसं घडू शकलं, कुणी दाबलं, कुणी उशीर केला, हे आरोपीच्या पिंजऱ्यातून बाहेर आलं असतं, ते त्या गोळीनं बंद केलं. केबिनमध्ये गोळ्या झाडणाऱ्या आमदाराला कोर्ट आणि झाडू मारणाऱ्याला बायपास. हा फरक कुणी शिकवला? पन्नास वर्षांच्या पिच्चरांनी शिकवला. कोर्ट म्हंजे तारखा, वकील म्हंजे भामटा, कायदा म्हंजे नामर्द, आणि मर्द म्हंजे गोळी. हे आपल्या डोक्यात इतकं मुरलंय की आपल्या निळ्या झेंड्याखालची पोरं पण त्या रात्री मोबाइलवर बदला पुराचं स्टेटस ठेवून बसली होती.

मग तीन महिने पण गेले न्हाईत. १० डिसेंबर २०२४, परभणी. बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची मोडतोड झाली. दुसऱ्या दिवशी बंद, मग वस्त्यांत पोलीस घुसले, पोरं-बाया उचलल्या. त्यात सोमनाथ सूर्यवंशी. कायद्याचा विद्यार्थी. १५ डिसेंबरला कोठडीत मेला. शवविच्छेदनात लिहिलं, अंगावरच्या अनेक जखमांच्या धक्क्यानं.

आता मला सांगा, सप्टेंबरात ज्या हाताला टाळ्या वाजवल्या, तो हात डिसेंबरात कुणाचा होता? खटल्याशिवाय मारायचा परवाना एकदा दिला की तो ‘फक्त वाईट माणसांसाठी’ असा राहत न्हाई. वाईट कोण हे ठरवणाराची जात बघा आणि मारला जाणाऱ्याची बघा. कायदा, खटला, साक्ष, वकील ह्या गोष्टी बड्यांना नसल्या तरी चालतात, त्यांच्याकडं पैसा असतो. आपल्याकडं त्या सोडून काय आहे? महाडचं तळं आपण तलवारीनं न्हाई जिंकलं. ओंजळीनं पाणी प्यालो आणि मग दहा वर्षं कोर्टात भांडलो, १९३७ ला हायकोर्टात जिंकलो. स्वतः बाबासाहेब त्या दाव्यात उभे होते. ती गोष्ट कंटाळवाणी वाटते तुम्हाला? मग शत्रूचं काम फत्ते झालं समजा.

म्हणून आपल्या वस्तीतलं बोलतो, राग आला तर येऊ द्या. वाढदिवसाला तलवारीनं केक कापणारी, बॅनरवर बाबासाहेबांच्या खाली स्वतःचा गॉगलवाला फोटो आणि नावापुढं ‘भाई’ लावणारी, भीमगीताच्या ठेक्यावर पिस्तुलाची बोटं नाचवणारी पोरं आपली आहेत. बिल्डरला पालेगावच्या जमिनी खाली करायच्या असतील तेव्हा तो ह्यांनाच हाक मारणार. हजार रुपये, एक बिर्याणी आणि पाठीवर थाप. लालबागला जे झालं तेच. खोट्या भाईचा खरा पट्टेवाला. आणि केस लागली की बिल्डर ओळख दाखवणार न्हाई, नगरसेवक फोन उचलणार न्हाई, जामिनाला आईचं मंगळसूत्र जाणार. पिच्चरमध्ये हा सीन कधी दाखवतात का? त्या आईच्या रांगेचा, तुरुंगाच्या दाराबाहेर उन्हात डबा घेऊन उभी असलेली?

ती रांग कल्याणच्या आधारवाडीला जाऊन बघा एकदा. आडनावं वाचा. मग कळेल भाईगिरीत कुणाची जात किती कमावते आणि कुणाची जात किती भोगते.

पिच्चर बघू नका असं मी म्हणत न्हाई. मी कुणाचा बाप न्हाई आणि शंकराचार्य तर त्याहून न्हाई. बघा, पण बघताना हातातली टाळी जरा थांबवा. पडद्यावरच्या माणसाचं आडनाव कुणी बदललं, त्याच्या धंद्यात मेला कोण, आणि कॅमेरा कुणाच्या घरात गेलाच न्हाई, हे बाजूच्या दोस्ताला विचारा. उत्तर मिळालं न्हाई तर ते शोधून ह्या पानांवर लिहून द्या. अशुद्ध चालेल. मी पण अशुद्धच लिहितो.

आणि एक काम. येत्या १८ जानेवारीला पालेगावात विहाराच्या ओट्यावर संध्याकाळी बसायचंय. ज्याच्या घरात गिरणीत राबलेला म्हातारा, संपात भांडी विकलेली म्हातारी जिवंत आहे, त्यानं तिला हाताला धरून घेऊन यायचं. माझा आजा येणार आहे. त्याला कमी ऐकू येतं, मोठ्यानं विचारा. कुठलं खातं, किती पगार, कोण मुकादम, संपात काय खाल्लं, कोण मेलं, कोण फुटलं, सगळं वहीत उतरवायचं. नावागावासकट, तारखेसकट. मोबाइलवर रेकॉर्ड केलं तरी चालेल, पण वहीत पायजेच. ही माणसं आणखी थोडीच वर्षं आहेत. ती गेली की मागं फक्त जॉन अब्राहम उरेल.

वही मी आणतो. पेन तुमचं तुम्ही आणा.

जयभीम.